टाकीवरची ओळ

पंख्याला पाती तीन असतात, ही गोष्ट देणगीदारांच्या दृष्टीनं फार गैरसोयीची आहे. एका पात्यावर 'कै. गंगूबाई', दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ' आणि तिसऱ्यावर चिरंजीवांचं नाव, अशी मांडणी मी नाशिकच्या आमच्या शाळेत कितीतरी पंख्यांवर केली. पंखा फिरू लागला की गंगूबाई, चिरंजीव आणि स्मरण सगळंच गरगरायचं आणि काही वाचता यायचं नाही. वीज गेली की मात्र तिन्ही पाती दर्शन द्यायची. त्यामुळे देणगीदारांची आठवण निघायची ती नेमकी वर्ग घामाघूम झालेला असताना. त्या आठवणीत कृतज्ञता किती असायची ते विचारू नका.

मी चित्रकलेची शिक्षिका. शाळेचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर संस्थेची मंडळी 'बाई, हे छापायच्या आधी आम्हाला दाखवायचं होतं' म्हणतील. मला सगळे खैरनार बाई म्हणायचे. लोकांना वाटतं, चित्रकलेच्या बाईंचं काम म्हणजे दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि खाली नदी. खासगी शाळेत चित्रकलेच्या बाई म्हणजे घरातली धाकटी सून. जे काम कुणाचंच नाही ते तिचं. फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचा पडदा, भूगोलाचे नकाशे, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, एवढंच काय, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या रुखवतावरची नावंसुद्धा मी काढली आहेत. गणिताच्या सरांचा भाग मागे पडला की ते माझा तास मागून न्यायचे. "बाई, तुमचं काय, चित्रंच तर काढायची," असं वर ऐकवायचे. मग तपासणीचे साहेब यायचे ठरलं की हेच सर तक्ते रंगवून घ्यायला माझ्या दारात हजर.

पण माझं खरं काम अक्षरांचं. ते कसं करतात हे थोडक्यात सांगते. सुतळीला खडूची पूड चोळायची, दोघांनी दोन टोकं भिंतीवर ताणून धरायची आणि मधे चिमटीत धरून सोडायची. भिंतीवर सरळ पांढरी रेघ उठते. मग मजकूर मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना मांडत जायचा. डावीकडून सुरुवात करणाऱ्याला शेवटी भिंत पुरत नाही आणि माणसाचं आडनाव कोपऱ्यात चेंगरतं. मग ऑइलपेंट. देणगीदाराचं नाव पिवळ्यात आणि शाळेचं पांढऱ्यात, कारण पिवळा लांबून दिसतो.

शाळा सोडून जाणारी प्रत्येक तुकडी आम्हाला भिंतीवरचं घड्याळ द्यायची. का, ते कुणालाच माहीत नाही. आधीच्या मुलांनी दिलं म्हणून पुढच्यांनी दिलं, एवढंच. प्रत्येकावर मी 'सप्रेम भेट' काढलं. सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची आणि प्रत्येक तुकडीला आपलंच बरोबर वाटायचं. शिपाई शिवरामभाऊ या भानगडीत पडत नसत. ते समोरच्या चहावाल्याच्या रेडिओवर कान ठेवून घंटा द्यायचे.

शाळेचा जन्म पंचवटीतल्या एका धर्मशाळेत झाला. मी लागले तेव्हाही दोन वर्ग तिथेच होते. त्र्यंबकेश्वराला निघालेले यात्रेकरू भर तासाला दारात येऊन "उतरायला जागा आहे का?" म्हणून विचारायचे. आमचे मुख्याध्यापक गोसावी सर शांतपणे म्हणायचे, "आहे, पण आधी प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल." मग संस्थेला पाटापलीकडे जागा मिळाली आणि शाळा तिकडे गेली. मागच्या अंगाला बौद्ध वस्ती होती. तिथले बरेचसे पुरुष गवंडीकाम करायचे. शाळा जवळ आली म्हणून त्यांची मुलं आमच्याकडे येऊ लागली. त्यातच पगारे मिस्त्रींची सुनंदा होती. चित्रात आभाळ हिरवं रंगवायची आणि का म्हणून विचारलं तर उलट मलाच विचारायची, "का नको?"

बहात्तरच्या दुष्काळात शाळेची विहीर आटली. टँकर यायचा, पण पाणी साठवायचं कशात? गोसावी सरांनी पालकसभा बोलावली. सभेत पाण्यावर भाषणं इतकी झाली की ऐकणाऱ्यांचे घसे कोरडे पडले. संस्थेचे चिटणीस अण्णा यांनी विटा देऊ केल्या. बाकीच्यांनी शुभेच्छा दिल्या. तेव्हा सगळ्यांत मागे उभे असलेले पगारे मिस्त्री म्हणाले, सिमेंट-वाळूचं बघा, बांधून मी देतो. आमची माणसं रविवारी मोकळी असतात.

रविवारी वस्तीतली माणसं यायची, त्यांच्या बायका पाट्या उचलायच्या. आम्ही शिक्षकही श्रमदानाला जायचो. श्रम त्यांचे आणि दान आमचं, अशी साधारण वाटणी होती. गोसावी सरांना मात्र भलताच उत्साह. धोतराचा काचा मारून त्यांनी टाकीची डावी बाजू स्वतःकडे घेतली. सर चहाला गेले की मिस्त्री हळूच त्यांच्या विटा काढून पुन्हा लावायचे. पण सर चहा फार भराभर पीत, त्यामुळे सगळ्या काही लावून झाल्या नाहीत. आमची टाकी डावीकडे किंचित उतरलेली आहे ती त्यामुळे.

टाकी भरली त्या दिवशी सरांनी मला नाव काढायला सांगितलं. मी सुतळी घेऊन गेले, तर मिस्त्री आडवे आले. नाव नको म्हणाले. मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, पंखा देणारा माणूससुद्धा तिन्ही पाती भरून नाव काढून घेतो, तुम्ही तर अख्खी टाकी दिलीत.

"नको बाई," ते म्हणाले. "नाव काढलं तर माणूस आधी नाव वाचंल, मग पाणी प्यायचं का नाय ते ठरवंल. पोरं लय तहानेली हायेत. पिऊ द्या आधी."

मी सटाण्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. आमच्या गावात कोणत्या विहिरीवर कोण जातं आणि कोण जात नाही, हे मला लहानपणापासून पाठ होतं. सुतळी गुंडाळताना मला फार लाज वाटली. टाकीवर मी 'पाणी जपून वापरा' एवढंच लिहिलं. नाव लिहिता येत नसलं की शाळा उपदेश लिहिते.

मिस्त्रींचं म्हणणं खरं होतं हे आठवड्याभरात कळलं. मुलं प्यायली. त्यांना तहान लागली होती, चौकशी करायला सवड नव्हती. फक्त अण्णांचा सुहास घरून पाणी आणू लागला, पितळेच्या फिरकीच्या तांब्यातून. अण्णांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. बाई मनानं मोठी. कुणी शिक्षिका बाळंत झाली की हिचे डिंकाचे लाडू पोचलेच. मला एवढंच म्हणाल्या की आमच्या सुहासला बाहेरचं पाणी बाधतं हो. टाकी कुणी बांधली हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यावर आम्ही दोघी हसलो आणि हवेबद्दल बोललो.

सुहास त्या तांब्यातलं पाणी मधल्या सुट्टीत मित्रांच्या अंगावर उडवायचा. मग तहान लागली की टाकीचं प्यायचा. आणि घरी रिकामा तांब्या नेला तर बोलणी बसतील म्हणून निघताना तो टाकीवरच भरून घ्यायचा. पोरानं पाणी तसंच परत आणलं, वाया कशाला घालवा, म्हणून वहिनी ते तुळशीला घालायच्या. अशा रीतीनं मिस्त्रींच्या टाकीचं पाणी अण्णांच्या वृंदावनात वर्षानुवर्षं जात होतं. तुळस झकास फोफावली होती. मी हळदीकुंकवाला गेले की आवर्जून तिचं कौतुक करायची.

पुढे सातपूरला कारखाने आले आणि आमच्या हजेरीपटाचा नूर बदलला. खानदेशातले, विदर्भातले, उत्तरेतले कामगार आले आणि त्यांची मुलं आली. एका मल्याळी मुलीनं मराठी वक्तृत्वात पहिला नंबर काढला, तेव्हा मराठीच्या बाई महिनाभर घुश्शात होत्या. देवळा-सटाण्याकडचे कांदेवाले आपली मुलं नाशिकला मामाकडे ठेवून आमच्याकडे घालू लागले. मग इंग्रजी शाळा निघाल्या आणि अण्णांनी मुलांना टाय लावायची सूचना मांडली. शिवरामभाऊंनी, मलाही मिळेल का, असं विचारल्यावर ती मागे पडली. आणि डी.एड. होऊन सुनंदा पगारे आमच्याच शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. पहिल्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत येऊन बसली तेव्हा मला उगाचच भरून आलं. मी तिला म्हटलं, आता मुलांना आभाळ निळं शिकव. ती म्हणाली, "बघते."

असं होता होता शाळेला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे काय ते चित्रकलेच्या शिक्षकाला विचारा. कमान, फलक, तोरणं, पंचवीस आकड्याची रांगोळी आणि व्यासपीठावरच्या प्रत्येक पाहुण्याचं नाव त्याच्या मानानुसार लहानमोठं. समितीच्या बैठकीत मान ठरायचा आणि दुसऱ्या बैठकीत तो बदलायचा. मी पांढऱ्या रंगाचा मोठा डबा जवळ ठेवला होता, काढलेली नावं झाकायला.

त्यातच देवरे शेठ आले. सटाण्याचे कांद्याचे मोठे व्यापारी, दोन्ही मुलं आमच्याकडे शिकलेली. टाकीला निळ्या फरशा, नवे नळ आणि गार पाण्याचा कूलर, सगळा खर्च त्यांचा. समिती कृतकृत्य झाली. मी तिकडचीच म्हटल्यावर शेठ मराठी सोडून अहिराणीवर आले.

"ताई, पैसानी गोट नही शे," ते मला म्हणाले, "टाकीवर मना बापनं नाव पाहिजे."

पैशाची गोष्ट नाही, पण बापाचं नाव हवं. माणूस सरळ होता, आणि बापावर त्याचा जीव होता. मी हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी टाकीपाशी सुतळी घेऊन गेले. सुनंदाचा तास मोकळा होता, म्हणून तिलाच दुसरं टोक धरायला बोलावलं. तिनं टोक ताणून धरलं. मी सुतळी झटकणार तोच तिनं मला थांबवलं.

"बाई, सुतळी ताणलीच आहे, तर आमच्या दादांचं नाव काढा," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची.

मी तिला मिस्त्रींचे शब्द सांगितले. आधी नाव वाचतील, मग प्यायचं की नाही ते ठरवतील.

"मला माहीत आहे. घरी शंभरदा ऐकलंय," ती म्हणाली. "तेव्हा पोरं तहानेली होती. आता कूलर येतोय, तहानेनं कुणी मरत नाही. आता लोकांनी आधी नाव वाचावं, मग पाणी प्यावं."

मी सुतळी खाली ठेवली. वर्गात हिरव्या आभाळावर मी हिला दहापैकी चार मार्क दिले होते, ते मला तेव्हा आठवलं.

प्रश्न समितीपुढे गेला. अण्णा हुशार माणूस. त्यांनी विरोध केला नाही, मिस्त्रींची स्तुती केली. म्हणाले, पगारे मिस्त्रींनी स्वतःच नाव नको म्हटलं होतं, अशा निरिच्छ माणसाची निरिच्छता आपण का मोडायची? एकाएकी सगळ्या समितीला निरिच्छतेबद्दल आदर दाटून आला. ज्यांची नावं प्रवेशद्वारावर पिवळ्या रंगात होती त्यांना तर फारच.

मग मी उठले आणि मिस्त्री त्या दिवशी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. बैठकीत मी फारशी बोलत नसे, म्हणून असेल, सगळे ऐकत राहिले. बोलून झाल्यावर खोलीत फक्त गंगूबाईंचा पंखा ऐकू येत होता. अण्णा त्याच्याकडे बघत बसले.

गोसावी सर म्हणाले, "अण्णा, विटा तुमच्या होत्या. डावी भिंत माझी, म्हणून ती वाकडी आहे. पण टाकी उभी आहे ती कुणामुळे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. अक्षरं फार मोठी नका काढू."

उरले देवरे शेठ. त्यांना समजावायचं काम अर्थातच धाकट्या सुनेकडे आलं. आधी सगळी हकीकत सांगितली. ते विचारात पडले, पण बापाचं नाव मनातून जाईना. मग मी धंद्याचं बोलले. शेठ, टाकीपाशी ओल असते, पावसाळ्यात तुमच्या वडिलांवर शेवाळ चढेल. त्यापेक्षा सभागृहात व्यासपीठामागच्या भिंतीवर काढते. पुढारी येवो नाहीतर साहेब, प्रत्येकाच्या फोटोत डोक्यावर तुमचे वडील. शेठ क्षणभर डोळे मिटून बसले. बहुधा फोटो दिसत असावा. मग म्हणाले, कूलर राहू द्या टाकीलाच, मिस्त्रीचं नाव काढा आणि माझ्या बापाला व्यासपीठावर बसवा.

मी टाकीवर ओळ काढली : 'ही टाकी काशिनाथ पगारे, गवंडी, यांनी बांधली.' पिवळ्या रंगात. अक्षरं फार मोठी काढली नाहीत, पण अण्णांच्या मापानं लहानही काढली नाहीत.

सुनंदानं घरी काही सांगितलं नव्हतं. मला त्याचीच धास्ती. माणसानं स्वतःच्या तोंडानं नको म्हटलेलं आम्ही दोघींनी परस्पर केलं होतं. भर समारंभात ते 'पुसा' म्हणाले तर? मी पिशवीत टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन गेले होते. पाहुण्यांची भाषणं चालू असताना माझं सगळं लक्ष टाकीकडे.

मिस्त्री आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. सुनंदा त्यांना टाकीपाशी घेऊन गेली आणि बाजूला उभी राहिली. ते कितीतरी वेळ नावाकडे बघत होते. मी जवळ गेले. त्यांचा चेहरा मला काही वाचता येईना.

"बाई, वळ डावीकडं चढलीय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मिस्त्री, ओळ सुतळीनं मारलीय, ती सरळ आहे. टाकी डावीकडे उतरलीय."

त्यांनी काठीवर रेलून टाकीच्या काठाकडे पाहिलं, मग व्यासपीठावर बसलेल्या गोसावी सरांकडे पाहिलं आणि मनापासून हसले. हसता हसता त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली. टर्पेंटाइनचा वास गवंड्यापासून लपत नाही.

"पुसायच्या तयारीनं आलात व्हय?"

"तुम्ही म्हणाल तर," मी म्हटलं.

ते काही बोलणार एवढ्यात भाषणं संपली आणि माणसं पाण्याला आली. सगळ्यांच्या पुढे वहिनी. बरोबर सुहासचा मुलगा, गळ्यात प्लास्टिकची वॉटरबॅग. ती केव्हाच रिकामी झाली होती, मुलगा 'आजी, पाणी' म्हणून पदर ओढत होता. वहिनींनी चष्मा लावला आणि ओळ मोठ्यानं वाचली. अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. मग त्यांना बाजूला उभे असलेले मिस्त्री दिसले.

त्या थांबल्या. मागे रांग थांबली. सुनंदा थांबली. मला वाटलं, टाकी बांधली त्या दिवसापासून मिस्त्रींना ज्याची भीती होती ती हीच घटका. नाव वाचून झालं आहे, आता माणूस ठरवणार.

वहिनींनी पेला भरला. मुलाला दिला नाही, आधी स्वतः घटाघटा प्यायल्या. मग पुन्हा भरून नातवाला दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचा.

"पाणी छान गार आहे हो मिस्त्री तुमचं."

"गारवा शेठचा हाय, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "माझी नुसती टाकी."

वहिनींनी वॉटरबॅगचं झाकण उघडलं आणि ती नळाखाली धरून काठोकाठ भरून घेतली. त्यांच्या तुळशीचं गुपित मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. आता हे वाचतील तेव्हा कळेल.

रांग पुढे सरकली. माणसं वाचत होती आणि पीत होती. काही नुसतीच पीत होती. मिस्त्री काठीवर हात ठेवून एकेकाचं तोंड निरखत उभे होते. माझा हात अजून पिशवीतल्या बाटलीवरच होता. त्यांनी ते पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. "आता ऱ्हाऊ द्या."